जीव एक की अनेक? जिंतूरच्या परिघातली उत्तरं

हिंदू धर्मात आत्म्याबद्दल काय सांगितलंय, असं कोणी विचारलं की बहुतेकांच्या तोंडी एक तयार वाक्य असतं. आत्मा अमर आहे, तोच ब्रह्म आहे आणि जग ही माया आहे. हे वाक्य श्रद्धांजलीच्या सभेत येतं, व्हॉट्सअॅपवर येतं, निबंधाच्या वहीत येतं. ते खोटं नाही. पण ते एका पक्षाचं म्हणणं आहे, आणि त्या पक्षातही आतून मतभेद आहेत.

हे पाहायला काशीला जायचं कारण नाही. परभणी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जिंतूर आहे. एका अंगाला पूर्णा नदी आणि तिच्यावरचं येलदरी धरण, दुसऱ्या अंगाला मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चारठाण्याची जुनी देवळं आणि बारव. जिंतूरभोवती एक ढोबळ वर्तुळ काढून पाहा. पूर्वेला औंढा नागनाथ आणि नामदेवांचं नर्सी येतं. ही दोन्ही गावं १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. दक्षिणेला गोदाकाठी जनाबाईंचं गंगाखेड, आणखी खाली बालाघाटात मुकुंदराजांचं अंबाजोगाई. पश्चिमेला रामदासांचं जांब, पुढे एकनाथांचं पैठण आणि ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं आपेगाव. जीव म्हणजे काय, जग कुठून आलं, सगळ्याच्या मुळाशी काय आहे, हे तीन प्रश्न या एवढ्या मुलखात मराठीतून विचारले गेले. उत्तरं मात्र एकमेकांशी जुळत नाहीत, आणि खरी गंमत त्या न जुळण्यातच आहे.

आधी शेजाऱ्याचा आक्षेप ऐकू. जिंतूरपासून जेमतेम तीन किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी या जोडटेकड्या आहेत. तिथल्या बुटक्या दारांच्या गुंफांत वाकून शिरलं की आत तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती दिसतात. नेमिनाथांची आहे, आणि एवढ्याशा दगडावर तोललेली पार्श्वनाथांची आहे, जिला भाविक अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. जैन परंपरा या क्षेत्राचा संबंध राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळाशी जोडते. त्याच अमोघवर्षाचे गुरू मानले जाणारे आचार्य जिनसेन यांनी नवव्या शतकात आदिपुराणात जगाला कर्ता आहे या कल्पनेवर सरळ हल्ला चढवला. देवानं जग केलं म्हणता, तर जग नव्हतं तेव्हा देव कुठे होता? त्यानं सामान कुठून आणलं? तो पूर्ण असेल तर त्याला जग करायची इच्छा का झाली, आणि अपूर्ण असेल तर त्याच्या हातून हे काम कसं झालं? जैन मतात विश्व कोणी केलं नाही, कोणी मोडणारही नाही. जीव अनंत आहेत, प्रत्येक जीव वेगळा आहे, आणि तो ज्या देहात असतो त्या देहाएवढा होतो. कर्म हे नुसतं पाप-पुण्याचं खातं नसून जिवाला चिकटणारं सूक्ष्म द्रव्य आहे. ते झडलं की जीव मुक्त होऊन लोकाच्या माथ्यावर जातो आणि तिथेही वेगळाच राहतो, कशात विरघळत नाही.

जिनसेनांचे हे प्रश्न केवळ परक्यांचे होते असं समजू नये. वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनीही जगाला निर्माता मानला नाही. त्यांच्या दृष्टीनं जग असंच चालत आलेलं आहे. सांख्यांनी एक जड प्रकृती आणि असंख्य पुरुष मानून पंचवीस तत्त्वांत सगळा हिशेब बसवला. त्यात ईश्वराला जागा ठेवली नाही. त्याच्याही फार आधी, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळातलं एकशे एकोणतिसावं सूक्त, ज्याला आपण नासदीय म्हणतो, सात ऋचांमध्ये सृष्टीच्या आरंभाचं चित्र रंगवतं आणि शेवटी शंका काढून थांबतं की वर बसून पाहणाऱ्याला तरी हे सगळं ठाऊक असेल का. आपल्या परंपरेतल्या सर्वांत जुन्या सृष्टिविचारांपैकी एक असा प्रश्नचिन्हावर संपतो.

उपनिषदांनी मात्र उत्तर दिलं. छांदोग्यात उद्दालक आरुणी मुलाला, श्वेतकेतूला, पाण्यात मीठ टाकायला लावतो. दुसऱ्या दिवशी मीठ दिसत नाही, पण वरून, मधून, खालून, कुठूनही चाखलं तरी पाणी खारटच लागतं. सगळ्यात भरलेलं ते सूक्ष्म सत्य तूच आहेस, असा बाप लेकाला धडा देतो. पुढची भांडणं सगळी या धड्याच्या अर्थावरून झाली. 'तूच आहेस' म्हणजे अगदी तोच, हे शंकराचार्यांचं अद्वैत. त्याचं शरीर असल्यासारखा, त्याच्यापासून वेगळा न काढता येणारा अंश, हे रामानुजांचं म्हणणं. मध्वाचार्यांनी तर संधीच वेगळी सोडवली आणि 'तू ते नाहीस' असा पाठ काढला! आठशे वर्षांपूर्वीच्या या वादात मराठवाडा कुठे होता, असं कोणी विचारलं तर उत्तर आहे: मधोमध.

मुकुंदराजांपासून सुरुवात करू. 'विवेकसिंधू' शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानला जातो. या सनाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण आद्य मराठी ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. ग्रंथ शंकराचार्यांच्या वाटेनं जातो आणि ते लपवत नाही. ब्रह्म, माया, पंचमहाभूतं, स्थूल आणि सूक्ष्म देह, असा उतरता क्रम आणि मग विचारानं एकेक थर बाजूला करत वर चढणं. नेटका, शिस्तीचा ग्रंथ आहे. काहीसा पाठ्यपुस्तकी वाटतो, पण त्या काळी मराठीत असं पाठ्यपुस्तक करणं हेच धाडस होतं.

त्यानंतरच्या शतकात चक्रधरस्वामी गोदावरीच्या खोऱ्यात फिरत होते, आणि त्यांनी याच्या अगदी उलट गोष्ट सांगितली. महानुभाव तत्त्वज्ञान आपल्याकडे सगळ्यांत कमी ओळखीचं आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो. त्यांच्या मते मूळ पदार्थ चार: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. चारही अनादी, चारही एकमेकांपासून वेगळे. जीव असंख्य आहेत, स्वभावानं निर्मळ आहेत, पण अनादी अविद्येनं बांधलेले आहेत आणि ती गाठ त्यांना स्वतःला सुटत नाही. प्रपंच म्हणजे पंचमहाभूतं आणि तीन गुण. त्याचं कार्यरूप नाशिवंत, कारणरूप नित्य. म्हणजे जग भास नव्हे, ते खरं आहे. देवताही खऱ्या आहेत. त्यांचं देवताचक्र आहे आणि त्याची गणती पंथ एक्क्याऐंशी कोटी सव्वा लाख दहा अशी देतो. पण या सगळ्या देवता मिळून जिवाला मोक्ष देऊ शकत नाहीत. त्या आपापल्या ऐपतीप्रमाणे फळ देतात, स्वर्ग देतात, आणि ते पुण्य सरलं की जीव पुन्हा खाली येतो. मोक्ष फक्त परमेश्वर देतो. सृष्टी तरी कशासाठी? तर जिवांना सुटकेची संधी मिळावी म्हणून, कृपेपोटी. मुक्त झालेला जीव परमेश्वराचा आनंद भोगतो, परमेश्वर होत नाही.

हा केवळ ग्रंथातला फरक नव्हे. देवता मोक्ष देत नाहीत असं एकदा मान्य केलं की घरचा देव्हाराच बदलतो. म्हणून महानुभाव घरात कुलदैवताचा गोंधळ-जागरण नसतं; उपासना पंचकृष्णांची, म्हणजे श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर यांची. जीव मुळात सारखेच बांधलेले असतील तर कोणत्या जातीचा, स्त्री की पुरुष, याला संन्यासाच्या दारात अर्थ उरत नाही. महदाइसेसारख्या बाई या पंथात आल्या त्यामागे हा विचार आहे. मग हे तत्त्वज्ञान घरोघरी का पोचलं नाही? एक मोठं कारण असं की पंथानं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची उकल केली, तेव्हा कुठे बाहेरच्या मराठी वाचकाला आपल्याच भाषेतलं हे जुनं गद्य वाचता आलं. तोवर 'मराठी संतांचं तत्त्वज्ञान म्हणजे अद्वैत' हे समीकरण पक्कं झालेलं होतं.

आता जिंतूरहून औंढ्याचा रस्ता धरू. नागनाथाचं देऊळ दगडी, कोरीव कामानं भरलेलं आहे. पिंड मात्र खाली तळघरासारख्या छोट्या गाभाऱ्यात, वाकून उतरावं लागतं. परंपरा सांगते ती गोष्ट इथलीच. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली आणि नामदेव कच्चं मडकं ठरले. रुसलेले नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेव रागावले, तेव्हा विसोबा म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय जिथे नेले तिथे पिंड उभी राहिली.

कीर्तनात ही गोष्ट चमत्कार म्हणून रंगते. पण तिच्यात दोन मतांची टक्कर आहे. नामदेवांचा देव पंढरीत, विटेवर, ठरलेल्या जागी होता. तो बोलत होता, जेवत होता. विसोबांचा देव सर्व ठायी होता, म्हणून त्याला खास अशी जागाच नव्हती. मला यातली लक्षात घ्यावीशी वाटणारी गोष्ट पुढची आहे. विसोबांचा उपदेश घेतल्यावर नामदेवांनी पंढरपूर सोडलं नाही. देव सगळीकडे आहे हे कळलं आणि तरी विठ्ठलाच्या दारातली भक्ती तशीच राहिली. याच नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, आणि तिथला सूर बराचसा निर्गुणाचा आहे. गंगाखेडच्या जनाबाईंच्या अभंगांतही अशीच दुहेरी वस्ती आहे. एका अभंगात देव जात्याला हात लावतो, तर दुसऱ्यात पाहणारी आणि देव यांच्यात अंतरच उरत नाही. तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत हे विसंगत ठरेल. वारकऱ्यांना त्याची कधी अडचण झाली नाही.

अडचण का झाली नाही, याचं शास्त्रशुद्ध उत्तर ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'त आहे. 'ज्ञानेश्वरी' १२९० ची, नेवाशाची. तिचं पारायण गावोगाव होतं. 'अमृतानुभव' दहा प्रकरणांचा, आठशेच्या आसपास ओव्यांचा ग्रंथ. तो पूजेत असतो, वाचनात क्वचित. त्याचं सातवं प्रकरण सर्वांत मोठं, आणि ते सगळं अज्ञानाच्या खंडनाला वाहिलेलं आहे. अद्वैतातली नेहमीची मांडणी अशी की ब्रह्म एकच आहे, पण अज्ञानामुळे ते जग म्हणून दिसतं. दोरी असते, अंधारात साप दिसतो. ज्ञानेश्वर त्या अज्ञानालाच पकडतात. हे अज्ञान राहतं कुठे? ज्ञानात राहत असेल तर उजेडाच्या पोटात अंधार राहतो असं म्हणावं लागेल. ज्ञानाबाहेर राहत असेल तर एकाशिवाय दुसरं काही आहे असं झालं, आणि अद्वैत गेलं. ते जाणवत असेल तर जाणवणं हेच ज्ञान. जाणवतच नसेल तर ते आहे याला पुरावा काय? अशा एकामागून एक कोंडीत धरत ते अज्ञानाला मोडीत काढतात.

मग समोर दिसतं ते जग काय? ज्ञानेश्वरांचं उत्तर असं की तेच एक चैतन्य स्वतःला नाना रूपांनी पाहतं आहे. पाहणारं तेच, दिसणारं तेच. याला पुढे चिद्विलासवाद असं नाव पडलं. जग ही चूक राहत नाही, चैतन्याची क्रीडा ठरते. या मांडणीमागे नाथपंथातून, निवृत्तिनाथांकडून आलेला शैव विचार आहे. ग्रंथाची सुरुवातच शिव-शक्तीच्या अशा जोडप्यानं होते की ज्यातलं एक काढलं तर दुसरं उरत नाही. नवव्या प्रकरणात ते विचारतात की सगळं एकच असेल तर भक्ती कोण कोणाची करतो, आणि उत्तरादाखल एकाच डोंगरात कोरलेला देव, देऊळ आणि भक्तपरिवार दाखवतात. वेरूळचा कैलास ज्यानं पाहिला असेल त्याला याहून वेगळं स्पष्टीकरण लागणार नाही. नामदेवांचं पंढरपूर न सोडणं इथे तर्कात बसतं.

खुद्द 'ज्ञानेश्वरी'त मायेची भाषा भरपूर आहे, म्हणून ज्ञानेश्वर शंकराचार्यांच्या पंक्तीत बसतात की वेगळे, हा वाद मराठी विद्वानांत दीर्घकाळ चालला. माझं मत विचाराल तर सातवं प्रकरण वाचल्यावर त्यांना मायावादी म्हणायला जीभ रेटत नाही.

सृष्टीच्या क्रमाबद्दल सर्वांत बारकाईनं कोणी लिहिलं असेल तर जांबच्या रामदासांनी. 'दासबोधा'च्या २०० समासांत हा विषय पुन्हापुन्हा येतो: निश्चळ ब्रह्मात पहिली चळवळ, ती मूळमाया, मग गुण, मग भूतं. त्यातला दहाव्या दशकातला पंचप्रळयाचा समास मला विलक्षण वाटतो. प्रळय पाच. रोजची झोप हा एक, मरण हा दुसरा. ब्रह्मदेवाची झोप हा तिसरा, ब्रह्मदेवाचं मरण हा चौथा. आणि पाचवा विवेकाचा, ज्यात विचारानं जगाचा निरास होतो आणि घर, शेत, माणसं जागच्या जागी राहतात. विश्वाच्या अंताची कल्पना माणसाच्या झोपेपासून सुरू करायची, हे रामदासांनाच सुचावं.

ब्रह्मदेवाची झोप केवढी, तेही आपल्याकडे मोजून ठेवलेलं आहे. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. कलियुग ४ लाख ३२ हजार वर्षांचं, आणि ते इसवी सनपूर्व ३१०२ मध्ये लागलं असं ज्योतिषी धरतात. सत्यनारायणाला बसलेला यजमान संकल्प सोडतो त्यात हा सगळा पत्ता असतो: श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं कलियुग, त्याचा पहिला चरण, आणि त्याला जोडून गोदावरीचा कोणता तीर. जिंतूरचा यजमान उत्तर तीर म्हणतो, गंगाखेडचा दक्षिण. काळाचा एवढा अफाट हिशेब आणि शेवटी पत्ता आपल्याच नदीकाठचा!

या आकड्यांवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि विज्ञानानं ठरवलेलं पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षांचं, म्हणून ऋषींना सगळं माहीत होतं, असा मजकूर फिरत असतो. तो फिरवणाऱ्यांनी संकल्प नीट ऐकलेला नसतो. त्यातल्या हिशेबानं या कल्पाची १९७ कोटींहून थोडी अधिक वर्षंच गेली आहेत, अजून निम्मा दिवसही झालेला नाही. पृथ्वीच्या वयाशी ते जुळत नाही आणि विश्वाच्या १,३८० कोटी वर्षांशी तर नाहीच. माणसाच्या आयुष्यापेक्षा कितीतरी पट मोठ्या काळाचा निर्भयपणे विचार करणं, ही त्या कल्पनेची थोरवी पुरेशी आहे. तिला भूगर्भशास्त्राचं प्रमाणपत्र नको.

ही सगळी मतं पोथ्यांतून घरात कशी उतरतात, ते कोणाचा मृत्यू झाला की दिसतं. एकाच घरात तेरा दिवसांत काय काय चालतं पाहा. सांत्वनाला आलेला गीतेतल्या वस्त्रांची आठवण देतो: देह बदलला, आत्मा दुसऱ्या देहात गेला. संध्याकाळी गरुडपुराण लागतं, त्यात तोच जीव यमाच्या वाटेवर वर्षभर चालतो आहे. दहाव्याला नदीकाठी सगळे कावळ्याची वाट पाहतात; कावळा शिवला नाही की मागं काय राहिलं याचा शोध सुरू होतो. कीर्तनकार सांगतो, माउली विठ्ठलरूप झाली. पुढे भाद्रपदात पितृपंधरवड्याला तीच माउली जेवायला येते. दुसऱ्या देहात गेली, वाटेवर आहे, विठ्ठलात मिळाली आणि ताटावरही येणार, या चार गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. पण प्रत्येकीला आधार आहे. पितरांची कल्पना वैदिक, पुनर्जन्माची उपनिषदांतली, यमपुरीची पुराणातली, विठ्ठलरूपाची संतांची. जुनं काढून नवं बसवायची आपली रीत नव्हती, नवं जुन्याच्या शेजारी ठेवायची होती.

त्याच गावातली दुसरी घरं वेगळं वागतात, आणि ती त्यांच्या तत्त्वज्ञानाला जास्त धरून असतात. लिंगायत घरात देहाला अग्नी देत नाहीत. इष्टलिंगासह बसवून मातीत ठेवतात, कारण जीव लिंगात ऐक्य पावला. कपिलधारच्या मन्मथस्वामींनी ही परंपरा मराठीत आणली. महानुभावही परंपरेनं देह भूमीला देतात. जैन घरात दहन होतं, पण पिंड नाही. जीव निमिषाच्याही अंशात पुढच्या जन्मात पोचलेला असतो, मग भात कोणासाठी ठेवायचा? बौद्ध वस्तीत तर नित्य आत्मा मानतच नाहीत, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान न करण्याची एक प्रतिज्ञा आहेच.

'आपल्या धर्मात असं सांगितलंय' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कोणी सांगितलंय, हे त्याच्यापुढे यायला हवं. मुकुंदराज आणि चक्रधर यांच्यात फार तर शंभर वर्षांचं अंतर, भाषा एक, नदी एक, आणि जीव-ब्रह्माच्या नात्याबद्दल दोघांचं पूर्ण दुमत. त्यांना गुळगुळीत करून एका वाक्यात बसवणं हा आदर नव्हे, आळस आहे.

जिंतूरकडच्या वाचकांना एक सुचवतो. गावात पुढचा हरिनाम सप्ताह बसेल तेव्हा कीर्तन संपल्यावर महाराजांच्या पाया पडा आणि एवढंच विचारा: जीव एक की अनेक, आणि जग खरं की भास? उत्तर जे काय मिळेल ते मिळो. ते ज्ञानेश्वरीच्या आधारानं देतात, अमृतानुभवाच्या की दासबोधाच्या, ते नीट ऐका. आणि नंतर तो ग्रंथ स्वतः उघडून पाहा.